उरलेल्या गोळ्या आणि निर्ढावलेले जिवाणू

सर्दी, खोकला आणि त्यासोबतचा ताप बहुतेक वेळा विषाणूंमुळे येतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तरीही ‘मागच्या वेळी याच गोळीने बरे वाटले’ हा समज रुग्णांच्या मनातून हटत नाही. असा ताप सहसा तीन-चार दिवसांत आपसूक उतरतो. गोळी दुसऱ्या दिवशी सुरू झालेली असते, म्हणून श्रेय तिला मिळते.

नुकसान मात्र खरे असते. आतड्यात राहणाऱ्या अब्जावधी जिवाणूंपैकी औषधाला बळी पडणारे मरतात, तग धरणारे वाढतात आणि प्रतिकाराची जनुके दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. औषधाची सवय शरीराला होत नाही. निर्ढावतात ते जिवाणू, आणि ते घरातल्या इतरांकडेही पोहोचतात.

लघवीला जळजळ झाली की कपाटातल्या उरलेल्या गोळ्या दोन दिवस घेऊन थांबणाऱ्या एका बाईंना अखेर हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखू लागले. लघवीतल्या जिवाणूंवर कोणते औषध चालते ते पाहणाऱ्या ‘कल्चर’ तपासणीच्या रिपोर्टात औषधांची रांग होती आणि तोंडाने घ्यायच्या जवळपास प्रत्येक औषधापुढे ‘आर’ छापलेला होता, म्हणजे निरुपयोगी. शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली. बाई बऱ्या झाल्या, पण पहिल्याच वेळी लघवी तपासली असती तर हे टळले असते.

अनेक अँटिबायोटिके मार्च २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद औषध दुकानदाराला ठेवावी लागते. तरी काउंटरवर नुसते नाव सांगून गोळ्या मिळतात, मोबाइलवर डोससुद्धा फिरतो, आणि बोगस डॉक्टर साध्या तापालाही इंजेक्शन टोचतात. हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

साध्या सर्दी-तापात विश्रांती, भरपूर पाणी आणि योग्य मात्रेत पॅरासिटामॉल बहुधा पुरते. घाबरण्याचे कारण नाही. तीन दिवसांहून जास्त ताप, धाप, शौचातून रक्त, मान ताठणे, ग्लानी, लघवी कमी होणे किंवा मुलाचे पिणे थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आधी घेतलेली गोळी लपवू नये. कल्चर सांगितले असेल तर शक्यतो पहिल्या डोसाआधी नमुना द्यावा. औषध सांगितलेल्या वेळी, सांगितले तितके दिवस घ्यावे. क्षयरोगात ते महिनोन् महिने चालते आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडता येत नाही.