शाळा बदलताना : दाखला आणि सोबत

जून महिना उजाडला की आमच्या बँकेच्या काउंटरवर पालकांची वर्दळ वाढते. कुणाला मुलीच्या नावाने खाते उघडायचे असते, कुणाला शिष्यवृत्ती जमा झाली का ते पाहायचे असते. बहुतेकांच्या हातातल्या पिशवीत जपून ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला असतो. त्यावर मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण असे सारे काही लिहिलेले असते. परंतु हे मूल नव्या शाळेत जायला घाबरते आहे काय, तेथे त्याच्या ओळखीचे कुणी आहे काय, हे लिहिण्यासाठी दाखल्यात रकाना नसतो. तो न छापलेला रकाना कोणी भरायचा, याचा विचार पालकांनी आणि आपल्या संस्थेच्या सभासदांनी करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

शाळा कोण बदलते?

आपल्या चिखली तालुक्यात शाळा बदलणारी मुले मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिली म्हणजे खेड्यातली मुले. अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा ४थीपर्यंतच असते. ५वीसाठी मूल एस.टी.ने चिखलीला येते किंवा नातेवाइकांकडे अथवा वसतिगृहात राहते. दुसरी नोकरदारांची मुले. आमच्यासारख्यांची बदली झाली की घरातले सामान ट्रकमध्ये चढते आणि मुलाची मैत्री मात्र मागे राहते. तिसरी, आणि सर्वांत अडचणीत असलेली, म्हणजे कामासाठी स्थलांतर करणाऱ्यांची मुले. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबाप गेले की मूल अर्ध्या वर्षातच शाळेतून उठते आणि परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो.

भीमरावांचे शाळा बदलणे

शाळा बदलण्याचे दुःख काय असते हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाइतके दुसरे कोण सांगणार? वडील रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. १८९६ मध्ये आई भीमाबाई वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. हीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. याच दिवसाच्या स्मरणार्थ २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते.

प्रवेश मिळाला, पण जागा मिळाली काय? वर्गात त्यांना वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत राहावयास आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. मोठे शहर, नामांकित सरकारी शाळा. तरीही शिक्षकांनी त्यांना फळ्याकडे बोलावताच, फळ्यामागे ठेवलेले आपापले जेवणाचे डबे उचलण्यासाठी मुले धावली, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. हजेरीपटावर नाव चढणे आणि वर्गाने आपले म्हणणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली गोष्ट नियमाने होते, दुसरी माणसांमुळे होते. भीमरावांना अशी माणसे थोडीच भेटली, पण भेटली. साताऱ्याला आपल्या जेवणातला वाटा देणारे एक शिक्षक होते. घरी एकाच खोलीत मुलाला लवकर झोपवून, रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवणारे वडील होते. मुंबईच्या चर्नी रोड बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या मुलाची आपण होऊन विचारपूस करणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते पुस्तक कोठवर पोहोचले हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. गुरुजी त्या मुलाच्या शाळेतले नव्हते, नात्यातले नव्हते. त्यांनी फक्त एकट्या मुलाकडे लक्ष दिले.

मूल अडते कुठे?

मी स्वतः ५वीसाठी खेड्यातून चिखलीला आलो. पहिल्या दिवशी मी चुकीच्या तुकडीत जाऊन बसलो. हजेरीत माझे नाव आले नाही, मी बोललो नाही आणि मला कुणी विचारले नाही. दोन तास असेच गेले. शेवटी पाणी भरायला आलेल्या शिपाईमामांनी विचारले, "कोन्या गावचा रे तू?" आणि हाताला धरून माझ्या वर्गात नेले. त्या दिवशी काय शिकवले ते आठवत नाही. मामांचा हात आठवतो.

गावच्या शाळेत एकच गुरुजी दिवसभर असतात आणि त्यांना मुलाचे घरदारही ठाऊक असते. शहरात प्रत्येक तासाला शिक्षक बदलतात आणि वर्गात साठ-सत्तर मुले असू शकतात. काही मुले सेमी इंग्रजीतून आलेली असतात, त्यामुळे गणिताचे साधे शब्दही नव्या मुलाला परके वाटतात. त्यात भाषा. "मले समजलं नाही" असे म्हटल्याबरोबर वर्ग हसला, की ते मूल पुन्हा वर्षभर शंका विचारत नाही. वऱ्हाडी ही आपल्या आईची भाषा आहे. 'मले' म्हणणे ही चूक नव्हे, हे शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगितले तर कितीतरी मुलांची तोंडे उघडतील.

कायदा काय सांगतो?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे ८वीपर्यंत, त्यातील पुढील बाबी प्रत्येक पालकाने लक्षात ठेवाव्यात.

१) कलम ५ प्रमाणे शासकीय, स्थानिक संस्थेच्या व अनुदानित शाळेत बदली मागण्याचा बालकाला हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावयाचा आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून अशा नव्या शाळेने प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये.

२) कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवायचे असते आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे.

३) कलम १४ प्रमाणे जन्माचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय राज्यात झालेली आहे. गाव सोडण्यापूर्वी गुरुजींकडून ते घ्यावे, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत मूल लगेच बसू शकते. तसेच अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना ५वी ते १२वीपर्यंत शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. केवळ भाड्यासाठी मुलीची शाळा ४थीनंतर थांबू नये.

दाखला नीट वाचा

बँकेतल्या अनुभवाची एक गोष्ट येथे सांगतो. एक माउली मुलीच्या शिष्यवृत्तीची चौकशी करण्यासाठी तीन वेळा आली. दाखल्यावर मुलीचे नाव एका प्रकारे, आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे, आणि पासबुकात आडनावच निराळे. रोजी पाडून तिला तीन खेपा घालाव्या लागल्या. म्हणून दाखला हातात पडताच तेथेच उभे राहून वाचावा. नाव, वडिलांचे व आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जात व धर्म या नोंदी जुन्या कागदांशी ताडून पाहाव्यात. चूक असेल तर मूल शाळेत आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज द्यावा. शाळा सुटल्यावर तेच काम फार जिकिरीचे होते. वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा. यात कमीपणा काही नाही.

पहिले पंधरा दिवस

पालकांनी शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा मुलाला शाळा दाखवून आणावी : वर्ग कुठे, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, बस कुठे थांबते. पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी "काय शिकवलं?" याआधी "आज डबा कोणाबरोबर खाल्ला?" असे विचारावे. उत्तर सतत "एकट्यानेच" असे आले तर वर्गशिक्षकांना भेटावे. त्याच्यापुढे जुन्या शाळेची किंवा नव्या शाळेची निंदा करू नये. वर्गशिक्षकांनी नव्या मुलाला शेवटच्या बाकावर न बसवता, समजूतदार मुलाच्या शेजारी बसवावे.

विद्यार्थी मित्रांनो, खरे काम तुमच्या हातात आहे. तुमच्या वर्गात नवा मुलगा आला तर त्याची जात आणि गाव विचारण्याआधी त्याचे नाव विचारा आणि डबा खायला बोलावा.

आपल्या संस्थेपुढे मी एक साधी सूचना ठेवतो. विदर्भात जूनच्या अखेरीस शाळा उघडतात. त्याआधी विहारात एक वही ठेवावी. वस्तीतले कोणते मूल कोणत्या नव्या शाळेत जाणार, ते त्यात लिहावे आणि त्याच शाळेतल्या ८वी-९वीच्या एका विद्यार्थ्याचे नाव त्यापुढे 'सोबती' म्हणून लिहावे. सोबत्याने पंधरा दिवस त्या मुलाला बरोबर न्यावे, मधल्या सुटीत एकदा भेटावे आणि बरोबर आणावे. याला वर्गणी लागत नाही, ठराव लागत नाही. दाखल्यात नसलेला रकाना आपल्या वहीत असेल आणि तो रिकामा राहणार नाही, एवढे यंदा आपण पाहू या.