वानच्या धरणावर गेलात, तर पाण्याकडे पाठ करा

दिवाळीनंतर वारी-भैरवगडला गेलो ते बदकांसाठी. वान प्रकल्प काठोकाठ भरलेला. भिंतीवरून दुर्बीण लावली, तर दूरवर चार पाणकावळे आणि बाकी नुसत्या लाटा. चक्रवाक, थापट्या यांना उथळ पाणी आणि उघडा गाळ लागतो. तो दिसतो रब्बीला पाणी सुटून पातळी उतरल्यावर.

परतीला धरणाखालच्या कालव्याच्या कडेला गाडी थांबवली. हरभऱ्याला पाणी देणारे एक काका म्हणाले, "पाखरं पाह्याले आले का? मंग धरनावर काय करता भाऊ? पाखरं तं अठीच हायत."

खरंच होती. कालव्याच्या पाझराने तिथे डबकं साचलंय, कडेला बेशरम आणि पानकणीस माजलंय. बेशरमीच्या बुडाशी चिखलात काहीतरी तुरुतुरु धावलं, थबकलं, शेपटी झटकन वर. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे विटकरी रंग. मग ते समोर वळलं आणि निळाशार गळा दिसला, मधोमध तांबूस ठिपका: शंकर! उत्तरेच्या थंड मुलखात वीण घालून हिवाळ्यात आपल्याकडे उतरणारा, चिमणीएवढा जीव. तुरीच्या शेंड्यावर गप्पीदास, ओल्या सरीत पिवळे धोबी, बाभळीत लिटकुरी. पानकणसात वटवटे ऐकू येत होते. दिसायला मात्र तयार नव्हते. एवढ्यात दलदली भोवत्या खालून तरंगत आला आणि सगळं चिडीचूप.

तेव्हा उजाडताच जा, सूर्य पाठीशी ठेवा आणि एकाच जागी अर्धा तास बसा. धुऱ्यानेच चाला, शेतमालकाला विचारून. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बाहेर काढणाऱ्यांना मी तरी पक्षीनिरीक्षक म्हणत नाही. ज्वारी हुरड्यावर आली की भारीट आणि पळसमैनांचे थवे बघायला पुन्हा चक्कर मारा.

रस्ता तेल्हाऱ्यात कुणीही सांगेल. वारीचा हनुमान समर्थांनी स्थापला असं सांगतात. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि जेवणावळीनंतर प्लास्टिकचे द्रोण थेट नदीत. हेच पाणी तेल्हारा-अकोटच्या नळाला येतं, एवढं तरी आठवावं! मामा-भाचा डोहात उतरू नका, तिथे माणसं बुडाली आहेत. पलीकडे वान अभयारण्य म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्प. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल नको.

5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली ते सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा, राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्यात एक सकाळ या कालव्यावर काढा आणि दिसलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्डवर टाका.