बाळाची छाती पिळू नका : स्तनांच्या वाढीतील दोष आणि त्यांची कारणे



मी प्रसूती वॉर्डात नर्स असताना बारा दिवसांची एक मुलगी तापाने फणफणलेली आली. छातीची एक बाजू लाल, कडक, आत पू झालेला. आजीने रोज अंघोळीच्या वेळी तिची छाती पिळून 'दूध' काढले होते. हेतू चांगला होता, पुढे मुलीची छाती नीट भरावी म्हणून. झाले उलटेच.

आईच्या शरीरातील हार्मोन्स बाळात उतरतात. त्यामुळे मुलगा असो की मुलगी, जन्मानंतर छाती थोडी सुजते, कधी दुधासारखा थेंबही येतो. काही आठवड्यांत हे आपोआप बसते. पिळले तर जंतू आत जातात आणि पू होतो. स्तनाग्राखाली एक छोटासा भाग असतो, त्यातूनच पुढे स्तन वाढतो. तो पूने किंवा चिऱ्याने खराब झाला, तर ती बाजू लहान राहू शकते.

इजेमुळे होणारे दोष

चहा, गरम पाणी किंवा स्टोव्हने लहान मुलीची छाती भाजली, तर तेरा-चौदाव्या वर्षी त्रास दिसतो. वरची कातडी आवळलेली असल्याने आतला स्तन वाढू शकत नाही. भाजल्याबरोबर वीस मिनिटे नळाचे पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. जुना व्रण असेल तर मुलगी वयात येऊ लागताच सर्जनला दाखवा. आवळलेली कातडी मोकळी करता येते.

८ ते १३ वर्षांच्या दरम्यान स्तनाग्राखाली दुखरी, चकतीसारखी गाठ येते, बहुतेक वेळा आधी एकाच बाजूला. तीच वाढीची सुरुवात असते. ती चोळू नका, शेकू नका. घाईने कापून घेतली, तर त्या बाजूला स्तन वाढतच नाही. शंका असेल तर आधी सोनोग्राफी करा.

जन्मजात कारणे

काही मुलींत एका बाजूचा छातीचा स्नायू जन्मतःच नसतो, म्हणून त्या बाजूचा स्तन लहान राहतो. कधी त्याच बाजूच्या हाताची बोटे आखूड किंवा जुळलेली असतात. याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीचे एक एक्स गुणसूत्र नसते किंवा अपुरे असते. अशा मुलींची उंची कमी राहते आणि बहुतेकींची छाती औषधांशिवाय वाढत नाही. काखेपासून जांघेपर्यंतच्या रेषेवर कुणाला जादा स्तनाग्र असते. ते सहसा निरुपद्रवी असते.

यात आईची चूक नाही. 'ग्रहणात भाजी चिरली', 'मागच्या जन्मीचे पाप' हे बोल बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी नकोत. बुद्धांनी शिकवले की दुःखाला कारण असते. ते कारण शोधायचे, बाईला दोष द्यायचा नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

- आठ वर्षांच्या आत स्तन वाढू लागले
- तेरा वर्षे पूर्ण होऊनही वाढ सुरूच झाली नाही
- दोन्ही बाजूंत ठळक फरक राहिला
- गाठ वाढते आहे, लाल होते आहे किंवा रक्त येते आहे

दोन्ही बाजूंत थोडा फरक असणे नैसर्गिक आहे. वयात येणाऱ्या मुलांची छातीही थोडी वाढते. बहुतेकांची एक-दोन वर्षांत बसते. त्यांना चिडवू देऊ नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची मोफत तपासणी करते. आशाताईंकडे त्याची तारीख विचारा. मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभागाची चौकशी करा.

लग्न ठरेपर्यंत थांबू नका. मुलगी ओढणी घट्ट घेऊन, पाठ वाकवून चालू लागली, शाळा टाळू लागली, तर रागावण्याआधी तिला जवळ बसवून विचारा. आणि पुढच्या वेळी वस्तीत कुणी बाळाची छाती पिळताना दिसले, तर हात जोडून सांगा : आजी, राहू द्या, ते आपोआप बसते.