सहा की सात?

मुक्काम पुणे,
आषाढ वद्य पंचमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवाच्या टपालाने पोचले, आणि सोबतचे पेन्सिलीचे चित्रही. न्हाणीघरामागे रचलेल्या सरपणाच्या ढिगातून पावसाची सर ओसरल्यावर जो काळाभोर किडा धावत बाहेर आला, ज्याच्या अंगावर पांढरे ठिपके होते, ज्याला तुझ्या आईने खराट्याने दूर लोटताच आंबूस आणि नाकाला झोंबणारा दर्प सुटला, आणि ज्याला तू मोठ्या धीराने काचेच्या बरणीखाली झाकून ठेवले आहेस, त्याचे नाव काय व तो विषारी आहे किंवा कसे, एवढेच तू विचारले आहेस. याचे उत्तर एका ओळीत देऊन मी मोकळा झालो असतो. परंतु तुझ्या पत्रातील एका वाक्याने मला दोन दिवस अडवून धरले. तू लिहितोस, ‘पाठीवर सहा की सात ठिपके आहेत.’ टपाल निघण्याच्या घाईत मोजायचे राहिले असेल, हे मी समजू शकतो. आणि चित्र पाहून निकाल करावा, तर चित्रातले ठिपके तुझ्याच बोटाने फिसकटले आहेत.

सहा आणि सात यांत एकाचेच अंतर, त्याचे एवढे काय, असे तुला वाटेल. परंतु या एका ठिपक्यापायी मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, आणि माझ्यापेक्षा शतपट मोठा असलेला एक पुरुषही चुकला आहे. म्हणून ती हकीकत तुला विस्ताराने सांगतो.

मी मोजणीखात्यात होतो हे तुला ठाऊकच आहे. ऐन उमेदीच्या वयात खात्याच्या कामानिमित्त मला चार महिने मद्रासेस राहण्याचा योग आला. सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या खुरट्या काटेरी झाडीत हिंडावे, दगड उलटून पाहावे आणि जे सापडेल ते काड्यापेटीत घालून बिऱ्हाडी आणावे, हा माझा तेव्हाचा क्रम असे. एका संध्याकाळी पाचोळ्याखाली एक काळा, वाटोळसर, पांढऱ्या ठिपक्यांचा जीव दिसला. पाहताक्षणी ओळख पटली असे वाटले, कारण असाच ठिपक्यांचा भुंगा मी लहानपणी सासवडच्या माळावर शेकडो वेळा पाहिला होता. त्या आनंदाच्या भरात मी त्याला टाचणी लावली, ‘सहा ठिपक्यांचा भुंगा, मद्रास’ अशी चिठ्ठी सुवाच्य अक्षरांत लिहिली, आणि या विषयातील एका जाणत्या गृहस्थांकडे ती पेटी पाठवून दिली. आठवड्याने पेटी परत आली. माझ्या चिठ्ठीखाली त्यांनी दोनच शब्द लिहिले होते: ‘हे झुरळ.’ त्या रात्री मला जेवण गेले नाही. भिंग घेऊन कंदिलापाशी बसलो तेव्हा दिसले की ठिपके सात होते. सातही ठिपके माझ्या डोळ्यांसमोर होते आणि तरीही मी सहा लिहिले, कारण मी ते मोजलेच नव्हते. मला जे ठाऊक होते तेच मी त्या प्राण्याच्या पाठीवर वाचले होते. ज्या माणसाने दिवसभर शंकू-साखळी धरून शेताच्या हद्दी मोजाव्या, त्याच्या हातून हे घडावे याची खंत मला आजही आहे, आणि तू त्या वाटेने जाऊ नयेस एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आता हे दोन जीव वेगळे कसे करावे ते ऐक. सहा ठिपक्यांच्या भुंग्याचे दोन ठिपके मानेमागच्या ढालीवर असतात आणि चार पाठीवरच्या पंखांवर. सात ठिपक्यांच्या झुरळाचे सातही ठिपके पंखांवरच असतात, आणि तेही विषम वाटणीने: डाव्या पंखावर चार, उजव्यावर तीन. ही विषमता का, याचे कारण मोठे सुंदर आहे. झुरळाचे पंख सदऱ्याच्या पुढल्या बाजूप्रमाणे एकावर एक येतात. डावा उजव्याचा काही भाग झाकतो, आणि जो भाग नेहमीच झाकलेला राहावयाचा, त्यावर निसर्गाने ठिपक्याचा खर्च केलेला नाही. तेथे नुसता नारिंगी रंग आहे. भुंगेऱ्याची रचना याहून अगदी निराळी. त्याच्या पुढच्या पंखजोडीचे टणक कवच झालेले असते आणि ती दोन कवचे पाठीच्या मध्यभागी, पेटीच्या दोन झडपा मिळाव्या तशी, एका सरळ रेषेत येऊन भिडतात. कोणी कोणावर चढत नाही. ही मधली रेघ हीच भुंगेरे-वर्गाची राजमुद्रा समज. घरात शिरलेला काजवा असो, धान्यातला सोंडकिडा असो, शेणाची गोळी लोटणारा असो की नारळाच्या शेंड्यात शिरणारा गेंड्या भुंगा असो, रेघ तीच. जगातील ज्ञात भुंगेऱ्यांच्या जाती साडेतीन ते चार लाखांच्या घरात जातात, आणि या अफाट गोतावळ्याच्या दाराशी ही एक रेघ पहाऱ्यास उभी आहे. म्हणून ठिपक्यांच्याही आधी ती पाहावी. शिवाय आपल्या भुंग्याचे ठिपके हा नुसता रंग नसून ती आखूड पांढऱ्या केसांची दाट लव आहे. झिजलेल्या, वयोवृद्ध भुंग्याच्या अंगावरची लव उडून ठिपका पुसट झाला, तर केवळ मोजणीवर विसंबणाराही फसावयाचा.

एवढे झाल्यावर मिशा पाहा. भुंगेऱ्याच्या मिशीला बहुधा अकरा पेरे असतात आणि ती भिंगाखाली धीराने मोजता येतात. झुरळाची मिशी बारीक दोऱ्यासारखी, आणि तिची पेरे मोजता मोजता डोळ्याला पाणी येते. मग तोंड पाहा. तुझ्या चित्रात पुढे आलेले दोन वाकडे जबडे तू रेखाटले आहेस, ते तू खरोखर पाहिलेस की भीतीने काढलेस, हे मला कळव.

मोठा पुरुष चुकला म्हणतो तो कोण, ते आता सांगतो. लिनियस हे नाव तुझ्या शाळेच्या पुस्तकात येऊन गेले असेल. स्वीडन देशातील या महापंडिताने 1758 साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राणिमात्रांस दुहेरी नावे देऊन साऱ्या सृष्टीचे जणू खातेपुस्तकच बांधले, आणि आजचे प्राण्यांचे नामकरण त्या सालापासूनच मोजले जाते. आपल्या सात ठिपक्यांच्या झुरळाची नोंदही त्या पुस्तकात आहे. पण ती झुरळांच्या खात्यात नाही, कासवासारखी पाठ असलेल्या भुंगेऱ्यांच्या खात्यात आहे. त्याला दिलेले नाव लंडनमधील जेम्स पेटिव्हर या औषधविक्रेत्याच्या स्मरणार्थ आहे. या गृहस्थास नमुने जमवण्याचा मोठा नाद होता, आणि मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रज शल्यवैद्य त्याला झाडपाला व जीवजंतू धाडीत असत. लिनियसने हा जीव पाचोळ्यात चालताना पाहिला नव्हता. हजारो कोस दूर बसूनच त्याला निवाडा करावा लागला. मी मात्र तो जिवंत पाहिला होता, तरी चुकलो. तेव्हा त्याच्या चुकीचा दाखला देऊन मी माझी चूक झाकू पाहतो असे समजू नकोस. पुढे इतरांनी तो जीव उचलून झुरळांच्या खात्यात रुजू केला, आणि त्याने लिनियसचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही.

याच लिनियसच्या हाताखाली उप्सालास दोन वर्षे शिकून गेलेला फाब्रिसियस नावाचा एक डेन्मार्कचा विद्यार्थी होता. गुरूने कीटकांची वर्गवारी मुख्यत्वे पंखांवरून केली. शिष्याने ठरवले की आपण तोंडाचे अवयव पाहून करावी, कारण जो प्राणी जसे खातो तसे त्याचे तोंड घडते. भिंगाखाली जबड्यांचे सूक्ष्म तुकडे न्याहाळण्यात त्याने आयुष्य वेचले. 1775 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आपल्या माळावरच्या भुंग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे, आणि त्याने दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ ‘सहा थेंबांचा’ असा होतो. त्याने ठिपके मोजले होते.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तुझ्या कैफियतीत तीन गोष्टी मला मोलाच्या वाटतात: तो धावला पण उडाला नाही, तो दिसायला लांबट आहे, आणि त्याने झोंबणारा दर्प सोडला. सहा ठिपक्यांच्या भुंग्याची पाठीवरची कवचे मधल्या रेघेत एकमेकांस कायमची जखडलेली असतात, म्हणून त्याला उडता येत नाही. पाय मात्र लांब आणि चपळ. दुसरे किडे मारून खाणे हा त्याचा धंदा. चारएक सेंटिमीटर लांबीचा हा शिकारी कोणी डिवचल्यास शेपटाकडून फॉर्मिक आम्लाची पिचकारी सोडतो. मुंगीच्या लॅटिन नावावरूनच ज्याला नाव पडले, तेच हे आम्ल. कातडीवर पडल्यास आग होते, डोळ्यात गेल्यास फारच त्रास होतो. तसे झाल्यास चोळू नये, भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे. तो दंश करून विष टोचीत नाही. तेव्हा त्याच्यावर ‘विषारी’ असा आरोप ठेवून खराट्याचा हुकूम बजावणे अन्यायाचे होईल. त्याला न डिवचणे एवढी एकच सावधगिरी पुरे. हे माझ्या नावाने तुझ्या आईस वाचून दाखव.

त्या झुरळाकडे असली पिचकारी नाही. तरीही त्याने तेच काळे-पांढरे वस्त्र का पांघरले असावे? जाणत्यांचे मत असे की, भुंग्याला एकदा टोच मारून पस्तावलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही, आणि त्या दहशतीचा आसरा हा गरीब जीव घेतो. मद्रासच्या संध्याकाळी त्याने पक्ष्यांकरिता घातलेल्या वेषाने मी फसलो, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले तेव्हा माझ्या मनातील डंख थोडा बोथट झाला, आणि त्या जीवाविषयी आदर मात्र वाढला.

एक गोष्ट भाषेची. तू सर्वत्र ‘भुंगा’ असे लिहिले आहेस, ते चूक नाही. पण आपला हा शब्द फार ऐसपैस आहे. लाकूड पोखरणारा आणि कमळात अडकणारा जो भुंगा आपल्या जुन्या कवींनी रंगवला, तो मधमाशीच्या गोतातला. त्याचे पंख पातळ पापुद्र्याचे, पाठीवर कवच नाही. शेतकरी या बाबतीत अधिक काटेकोर असतो. बाजरीच्या कणसावर बसणाऱ्यांस तो हिंगे म्हणतो, उसाची मुळे खाणाऱ्या अळीस हुमणी म्हणतो, आणि त्याच हुमणीपासून झालेले जीव वळवाच्या सरीनंतर बाभळीवर, कडुनिंबावर जमले की त्यांना भुंगेरे म्हणतो. जे नाव गावात आहे ते विचारून घे आणि वहीत लिही. पण ज्याला गावात नाव नाही, त्याला आपल्या मनाने नाव चिकटवू नकोस. जेथवर खात्री तेथवरच लिहावे. ‘भुंगेरा, जमिनीवर धावणारा, जात ठरलेली नाही’ ही नोंद पुढे दुसऱ्याच्या उपयोगी पडते. खोटे नाव मात्र दप्तरात शिरले की एकाकडून दुसऱ्याकडे नकलून जाते आणि वर्षानुवर्षे निघत नाही. चतुःसीमा लिहिल्याशिवाय जमिनीचा दस्तऐवज पुरा होत नाही, तसे दिवस, वेळ, पाऊस होता की नव्हता, लाकडाखाली की दगडाखाली, भोवती काय पेरले होते, एवढा तपशील लिहिल्याशिवाय किड्याची नोंद पुरी समजू नकोस.

आता करावयाचे ते असे. बरणीच्या तोंडाला जाळीचे फडके बांध, तळाशी चार बोटे भुसभुशीत, किंचित ओलसर माती घाल, आणि रात्री कंदील बाजूने धरून काचेबाहेरूनच पाहा. तोंड बरणीवर ओणवे करू नकोस. प्रथम पाठीवरची रेघ, मग ढाल, मग ठिपके, मग मिशा, या क्रमाने पाहून तेथल्या तेथे लिही. दुसऱ्या दिवशी आठवून लिहू नकोस. चित्र पुन्हा काढ, पण या खेपेस उजवी बाजू डावीवरून नकलू नकोस. दोन्ही बाजू स्वतंत्र पाहून काढ. तुझ्या हकीकतीवरून माझा कल सहाकडेच आहे, तथापि निकाल तुझ्या मोजणीवर सोपवतो. सकाळी त्याला त्याच सरपणाच्या ढिगापाशी नेऊन सोड. टाचणी लावण्याचे कारण नाही.

माझे जुने पितळी कडीचे भिंग याच टपालाने निराळ्या पुडक्यात पाठवत आहे. त्याची मूठ थोडी सैल झाली आहे, दोरा गुंडाळून घ्यावा. पुडक्यात एक काड्यापेटीही आहे, ती जपून उघड. तीत मद्रासचे ते झुरळ आहे, एक पाय मोडलेला, आणि त्याखाली माझी चिठ्ठी जशीच्या तशी.

वहिनीस नमस्कार. उलट टपाली आकडा कळव.

तुझा,
काका