गोडी मारणारे पान

पश्चिम घाटातील रानात एक वेल आढळते. मराठीत तिला बेडकीचा पाला, संस्कृतात मधुनाशिनी, तर हिंदीत गुडमार म्हणतात. गुडमार म्हणजे गुळाची गोडी मारणारी! हिचे पान चावून मग साखर तोंडात टाकली, तर ती वाळूसारखी बेचव लागते. मीठ मात्र खारटच लागते. असे का व्हावे?

जिभेवरील रुचिकलिकांत गोड पदार्थ ओळखणारे ग्राही रेणू असतात. पानातील जिम्नेमिक आम्ले त्यांना चिकटतात आणि साखरेची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही. काही वेळाने जीभ पूर्ववत होते.

आयुर्वेदिक उपचारांत ही वेल मधुमेहावर वापरतात. मग जिभेवरची गोडी गेली, तशी रक्तातली साखरही गेली, असे म्हणावे काय? नाही. तापमापी लपवून ताप उतरत नाही. रक्तातील साखर रक्तातच मोजली पाहिजे.

चला, मोजू या. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी सुमारे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. शरीरात ५ लिटर रक्त धरले, तर एकूण ग्लुकोज झाले ४.५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा! हा तोल मुख्यतः इन्शुलिन सांभाळते. हाच ९० चा आकडा तपासणीत पुन्हा पुन्हा १२६ किंवा त्याहून अधिक आला, तर तो मधुमेह.

गुडमारने हा आकडा उतरतो का? प्राण्यांवरील आणि माणसांच्या लहान गटांवरील काही प्रयोगांत तो उतरलेला दिसला. पण लहान गटात आहारातील बदल किंवा निव्वळ योगायोगही फसवू शकतो. म्हणून पुष्कळ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यावी लागते. मेटफॉर्मिन या गोळीचे मूळही युरोपातील गॅलेगा या वनस्पतीच्या अभ्यासात आहे; पण अशा कसोट्यांना उतरल्यावरच ती जगभर मान्य झाली.

हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. मुलांमध्ये बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. पाल्याच्या भरवशावर इन्शुलिन थांबवले, तर थोड्याच दिवसांत प्राण धोक्यात येतात. उलट, औषधाच्या जोडीला पाला घेतला तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. घरी कोणी असा पाला घेत असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगायला लावा.

आता एक गणित तुमच्यासाठी: १०० मिलिलिटरमध्ये २७० मिलिग्रॅम ग्लुकोज असेल, तर ५ लिटर रक्तात किती चमचे साखर झाली?