गणिताचे प्रोफेसर आणि आपला राहून गेलेला चॅप्टर

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा एक चॅप्टर होता. आमच्या वर्गात तो "घरी वाचा" म्हणून सोडून दिला गेला. घरी कोण वाचणार? मी कॉन्व्हेंटचा, मराठी कच्चं, तेव्हा चुका पोटात घाला. पण विषय महत्त्वाचा आहे.

मागच्या टर्मला माझ्या रूममेटने मेसचे पैसे भरले नाहीत. खोदून विचारलं तेव्हा कळलं, भिंतीवरची जाहिरात वाचून त्याने 'ताकदीची' पावडर घेतली होती. झोपेत वीर्य गेलं की शक्ती जाते, ही त्याची भीती. मी हसलो. तो आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी हसलो!

नंतर इथे भोंगवलीला रूमवर आम्ही सहा जणांनी एका लॅपटॉपवर अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' (२००१) पाहिला. किशोर कदम आणि सीमा बिस्वास यांनी रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांच्या भूमिका केल्या आहेत.

र. धों. कर्वे (१८८२-१९५३) म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर! १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. या कामापायी नोकरी गेली, पण काम थांबलं नाही. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत चालवलं. मालतीबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या.

वाचक त्यांना खाजगी प्रश्न विचारत, ते सरळ उत्तरं छापत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! तरी खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला.

याच विषयावरचा इंग्रजी पिक्चर म्हणजे 'किन्सी' (२००४). अल्फ्रेड किन्सी हे अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ, आधी किड्यांचा अभ्यास करणारे. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हजारो माणसांच्या मुलाखती घेऊन १९४८ आणि १९५३ साली दोन ग्रंथ काढले. मात्र त्यांचा सँपल रँडम नव्हता, अशी टीका झाली आणि ती रास्त आहे. आपल्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला हे उदाहरण लक्षात ठेवा!

दोघांत फरक काय? किन्सींनी माणसं काय करतात ते मोजलं. कर्व्यांनी माणसं कशाला घाबरतात ते ऐकलं आणि भीती काढली. दोघांची सुरुवात मात्र एकच: लाज बाजूला ठेवून प्रश्न विचारणं.

आता रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर. झोपेत वीर्यस्खलन होणं ही नैसर्गिक गोष्ट आहे. तो रोग नाही, त्याने ताकद जात नाही, त्यासाठी पावडर लागत नाही. तरी शंका असेल तर डॉक्टरांकडे जावं, भिंतीकडे नाही.

पिक्चर संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर मेसचे पैसे वाचले असते." यावेळी दोघंही हसलो.

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. वर्षातून एक तास डॉक्टरांना हॉस्टेलवर बोलवावं, प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर घ्यावेत. राहून गेलेला चॅप्टर निदान इथे तरी पूर्ण व्हावा!