दोन काचांच्या मधले धुके

प्रश्न : वांद्रे पश्चिमेला एस. व्ही. रोडलगत आमचा फ्लॅट आहे. रस्त्याच्या आवाजाला कंटाळून आम्ही दुहेरी काचेच्या स्लायडिंग खिडक्या घेतल्या. आता बेडरूमच्या एका खिडकीत धुके धरले आहे. आतून पुसले, बाहेरून पुसले, तरी जात नाही. हॉलच्या खिडकीची बाहेरची काच अचानक फुटून तिचे दाणे दाणे झाले आहेत. आतली शाबूत आहे. एक फॅब्रिकेटर म्हणतो, सगळी खिडकीच बदला. दुसरा म्हणतो, धुके धरलेल्या काचेला बारीक भोक पाडून वाफ काढून देतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, वांद्रे (पश्चिम)

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. पण त्याआधी आजच्या आज एक काम करा. हॉलच्या फुटलेल्या काचेवर जिथे सुरक्षितपणे हात पोहोचतो तिथे रुंद चिकटपट्टी लावा, ते शटर सरकवणे बंद करा आणि सोसायटीला सांगून खिडकीखालची जागा अडवून घ्या. असे दाणे कधी एकेक गळतात, तर कधी त्यांचा मोठा ढपला एकदम निखळतो. खाली माणसांचा राबता आहे, तेव्हा हे उद्यावर टाकू नका.

आता मूळ प्रश्न. चौकट, शटर, चाके आणि लॉक धड असतील तर खिडकी बदलण्याचे कारण नाही. बदलायचा तो फक्त काचेचा संच, म्हणजे कारखान्यातून सील होऊन आलेल्या दोन काचा. फॅब्रिकेटर त्याला ‘डीजीयू’ म्हणतात. मात्र जुना संच का बिघडला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका, नाहीतर तोही त्याच वाटेने जाईल.

धुके कुठे धरले आहे यावरून दोष ओळखता येतो. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली, तर सुमारे २७ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर हवेतल्या वाफेचे पाणी होते. एसी जोरात चालू असताना खिडकी बाहेरून धुरकटते ती यामुळे. ते धुके पुसले जाते आणि तो दोष नव्हे. तुमचे धुके दोन्ही बाजूंनी पुसून जात नाही, याचा अर्थ ते मधल्या पोकळीत आहे आणि सील सुटले आहे.

या संचात दोन काचांच्या मध्ये कडेने अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. औषधाच्या बाटलीत जशी ओलावा शोषणारी पुडी असते, तसे दाणे या पट्टीत भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटाइलचा काळा चिकट थर असतो. तो वाफ अडवतो. त्याच्या बाहेरचा सिलिकॉनचा किंवा पॉलिसल्फाइडचा थर दोन्ही काचा धरून ठेवतो. मधली हवा कोंडलेली असते. तापमान एका अंशाने वाढले की ती आपल्या आकारमानाच्या साधारण तीनशेव्या भागाइतकी फुगू पाहते. दुपारी ऊन आणि रात्री एसी, यामुळे काचा रोज किंचित बाहेर-आत होतात आणि कडेच्या सीलवर ताण येतो. त्यात ते सील पाण्यात भिजत राहिले तर लवकर हार खाते. हळूहळू वाफ आत शिरते, दाणे ती पोटात घेतात, आणि ते भरले की उरलेली वाफ काचेवर दिसू लागते. म्हणजे तुम्हाला धुके आज दिसले असले, तरी बिघाड बराच आधीचा आहे.

म्हणून पहिला संशय पाण्यावर घ्या. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला आणि शटरच्या खालच्या पट्टीला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती धूळ आणि रंगाने बुजतात. गळती थांबवायला आलेला कारागीर कधी चहूबाजूंनी सिलिकॉन भरताना ही छिद्रेही बंद करून जातो. मग पावसाळाभर काचेची खालची कड पाण्यात उभी राहते.

भोक पाडायचा उपाय आपल्याकडे का चालत नाही तेही सांगतो. काच टफन केलेली असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होईल. ही काच सहाशेहून अधिक अंशांना तापवून गार हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. तिच्या बाहेरच्या थरात दाब आणि गाभ्यात ताण कोंडलेला असतो, तो एका जागी मोकळा झाला की सगळी काच फुटते. काच साधी असली तरी भोकातून आत जाणार ती मुंबईचीच हवा. ती पोकळी कोरडी कशी ठेवणार?

तुमची हॉलची काच ‘अचानक’ फुटली त्याचे उत्तरही याच ताणात आहे. बसवताना कडेला बसलेला टवका, चौकटीचा धातू टेकलेला कोपरा, किंवा काचेतच राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण एवढे कारण पुरते. तिथेही एकच काच बदलून भागत नाही. जागेवर सील केले तर ओलसर हवाच आत कोंडली जाते, म्हणून तोही संच पूर्णच बदलावा.

माप मात्र नीट घ्यायला लावा, कारण टफन काच नंतर कापता येत नाही. लांबी, रुंदी, दोन्ही कर्ण आणि एकूण जाडी नोंदवा. ६ मिमी काच, १२ मिमी पोकळी आणि पुन्हा ६ मिमी काच असेल तर जाडी २४ मिमी होते. जुन्या काचेला रंगछटा किंवा उष्णता परतवणारा लेप असेल तर तोच, त्याच बाजूला मागा. इमारतीच्या दर्शनी भागात वेगळी काच दिसली तर सोसायटी हरकत घेईल, तेव्हा परवानगीही आधीच घ्या.

तुमचा मूळ त्रास आवाजाचा होता, त्यात या निमित्ताने सुधारणा करून घ्या. धुके धरल्याने आवाज फारसा वाढत नाही. पण दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असल्या की दोन्ही एकाच पट्टीच्या आवाजाला कमी अडवतात. २४ मिमीतच ८, १० आणि ६ असा संच बसतो. बाहेरची काच लॅमिनेटेड घेता आली तर आणखी चांगले, कारण ती फुटली तरी तुकडे मधल्या पडद्याला चिकटून राहतात. वजनाचा हिशेब करा. एक मिमी जाडीची काच दर चौरस मीटरला अडीच किलो भरते. म्हणजे ६ आणि ६ चा संच ३० किलो, ८ आणि ६ चा ३५ किलो. चाके ते पेलतील का, हे विचारून घ्या. शटरच्या कडेचे रबर आणि ब्रश झिजले असतील तर तेही बदला. फटी राहिल्या तर जाड काचेचा पैसा वाया जातो.

फ्लॅट बिल्डरकडून विकत घेतलेला असेल, खिडक्या त्यानेच दिलेल्या असतील आणि ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर खर्चाआधी करारनामा काढा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार कामाच्या दर्जातला दोष या मुदतीत लेखी कळवला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. खिडक्या तुम्ही स्वतः बसवल्या असतील तर फॅब्रिकेटरचे बिल आणि सीलची हमी शोधा.

बसवण्याच्या दिवशी समोर उभे राहा. काचेखाली रबराचे ठोकळे हवेत, काच धातूला कुठेही टेकता कामा नये, आणि ठोकळ्यांनी छिद्रे झाकली जाता कामा नयेत. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन वापरू देऊ नका. ते संचाच्या सीलला आणि लॅमिनेटेड काचेच्या पडद्याला बाधते. ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा. आणि नवा संच चढवण्याआधी खालच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतायला लावा. ते आपोआप बाहेर वाहून गेले, तरच काच बसवू द्या.